दिवसातून दोनदा घडी

पहाटेचे पावणेपाच वाजले आहेत. साल १९५५. नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तुम्ही दाराला पाठ लावून उभे आहात, कारण दुसरीकडे कुठे पाऊल ठेवायला जागाच नाही. डोळे अंधाराला सरावतात तशी एकेक माणसं दिसू लागतात. भिंतीलगतच्या लोखंडी खाटेवर म्हातारे सासरे. खाटेखाली दोन मुलगे, डोकी बाहेर आणि पाय भिंतीकडे. मधल्या जागेत एका सतरंजीवर सासूबाई आणि दोन मुली. मोरीच्या कठड्याला पाय टेकवून घरधनी. आणि शेगडीच्या बाजूला, अगदी कडेला, जिला सगळ्यांच्या आधी उठायचं आहे ती. आठ माणसं, १६० चौरस फूट.

ती उठते. नळ पाचला येतो. पुढची वीस मिनिटं तिच्याकडे नीट लक्ष द्या.

आधी ती स्वतःचं अंथरूण गुंडाळते, म्हणजे शेगडीपुढची दोन हात जागा मोकळी होते. मग नवऱ्याला उठवते. "अहो, उठा, पाणी येईल." त्याला पहिल्या पाळीला जायचं आहे हे एक कारण, आणि तो उठल्याशिवाय मोरीपर्यंत घागर नेता येत नाही हे दुसरं. त्याची वळकटी होते. मग सासूबाई आणि मुली. थोरली झोपेतच उभी राहते, सतरंजीची दोन टोकं धरते, उरलेली दोन आई धरते, दोघी एकमेकींकडे चालत येतात आणि सतरंजी निम्मी होते. पुन्हा एकदा, आणि चौघडी. खाटेखालच्या मुलांना ती अजून हात लावत नाही. त्या जागेचं सकाळी कुणालाच काम नाही, तेव्हा झोपू देत बापडे. "जरा दाराकडे सरता का?" ती तुम्हाला म्हणते आणि भिंतीशी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या तीन ट्रंकांवर वळकट्या चढवू लागते. सासूबाईंची सर्वांत वर. रात्री सगळ्यांत आधी त्याच आडव्या होतात, म्हणून त्यांचं अंथरूण पहिलं हाताला आलं पाहिजे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. रोज करता करता बसलेला क्रम आहे.

साडेपाचला खोलीची जमीन रिकामी. त्याच फरश्यांवर आता शेगडी पुढे येते, पाट मांडला जातो, भाकरी थापल्या जातात, डबा भरतो. सातला तिथेच मुलगा पालथी मांडी घालून पाटावर वही ठेवून गणितं सोडवतो. दुपारी तिथेच सूप आणि तांदूळ. शाळेच्या सदऱ्याला इस्त्री करायची असेल तर तिथेच घोंगडीची चौघडी. संध्याकाळी पाहुणे आले की खाट म्हणजे बैठक. रात्री पुन्हा सतरंजी.

आता खोलीतल्या वस्तू मोजा. खाट, तीन ट्रंका, भांड्यांची मांडणी, कपडे वाळत घालायची छताला टांगलेली दांडी, एक फळी, तिच्यावर देव, चार पाट. संपलं. टेबल नाही, खुर्ची नाही, कपाट नाही. तरीही या खोलीत शयनगृह, स्वयंपाकघर, अभ्यासिका आणि दिवाणखाना रोज ठरलेल्या वेळी येऊन जातात. आज 'मल्टिपर्पज' म्हणून जे विकलं जातं त्याच्याकडे मी नेहमी या खोलीतून पाहतो, कारण इथे एक गोष्ट स्वच्छ दिसते. लहान घरात वाटून घ्यायची असते ती वेळ. जागा एकच असते, ती तासातासाने कुणाला तरी द्यायची असते. आणि ही देवघेव आपोआप होत नाही, दोन हात ती करत असतात.

तारीख मागे सरकवा. १९२०. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झालं आहे. गिरण्यांभोवती दाटलेल्या वस्तीसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या असा बेत. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या, खोल्या झाल्या सोळा हजारांच्या आसपास. तळमजला आणि वर तीन मजले, मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सामायिक. सिमेंट काँक्रीटचं हे बांधकाम त्या काळात नवं होतं. पण खोलीच्या आत माणूस कसा राहील, अंथरूण कुठे ठेवेल, घागर कुठे, पाट कुठे, याचा विचार भिंतींपाशीच थांबलेला होता. पुढचं सगळं राहायला येणाऱ्यांवर सोडलं.

त्यांनी काय केलं ते पाहायला फार लांब जाऊ नका, डिलाईल रोडच्या बाजूची एखादी गावकऱ्यांची खोली गाठा, १९३०च्या दशकातली. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली. इथे बायका नाहीत, मुलं नाहीत. भिंतीला लागून प्रत्येकाची एक ट्रंक, ट्रंकेच्या वर त्याची एक खुंटी, खुंटीवर त्याचा सदरा. एवढीच त्याची मालकी. जेवण खानावळीत. रात्रपाळीचे लोक सकाळी परततात तेव्हा दिवसपाळीचे निघालेले असतात, आणि ज्या जमिनीवर रात्री एक झोपला होता तिथेच दिवसा दुसरा आडवा होतो. गिरणीचा भोंगा वाजला की खोलीतली माणसं बदलतात. यंत्र रात्रंदिवस चालतं म्हणून खोलीही रात्रंदिवस चालते.

हे वर्णन करताना मला त्यात काही रम्य वाटत नाही. अशा खोल्यांत क्षय होता, उकाडा होता, एकटेपणा होता. पण वापराच्या अंगाने पाहिलं तर ट्रंक ही त्या खोलीतली सर्वांत हुशार वस्तू होती. कपाट, टेबल, बाक आणि गावी जाताना सामान, सगळं एकच. कुलूप एक. आणि तिची जागा भिंतीकडेच ठरलेली असल्यामुळे ती कधी कुणाच्या वाटेत आली नाही.

आता समुद्र ओलांडा. १९२८, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. शहराच्या वायव्येला निड्डा नदीकाठी रोमरश्टाट नावाची वसाहत उभी राहते आहे. शहराचे वास्तुप्रमुख एर्न्स्ट माय यांनी कामगार आणि कारकुनांसाठी हजारो स्वस्त घरांचा कार्यक्रम हाती घेतला आहे. तुम्ही एका घराच्या स्वयंपाकघरात शिरता. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट. दोन्ही बाजूंना हात पसरले तर बोटं दोन्हीकडच्या कपाटांना लागतील.

हे स्वयंपाकघर १९२६ साली आखलं मार्गारेटे लिहोत्स्की यांनी, लग्नानंतरच्या शुट्टे-लिहोत्स्की. व्हिएन्नाच्या, वयाच्या एकोणतिशीतल्या वास्तुकार. स्वतः त्या फारशा स्वयंपाकाच्या वाटेला गेलेल्या नव्हत्या आणि तसं त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलंही. म्हणूनच कदाचित त्यांनी काहीही गृहीत धरलं नाही. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर पाहिलं, तिथे इतक्या थोड्या जागेत इतक्या लोकांचं जेवण कसं निघतं ते पाहिलं. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेचं घरकामाच्या शास्त्रीय आखणीवरचं पुस्तक जर्मनमध्ये आलं होतं, ते वाचलं. मग हातात घड्याळ घेऊन गृहिणीची पावलं मोजली. चुलीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. हे शेवटचं अंतर तीन मीटरपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही असं ठरवलं.

खिडकीशी फिरतं स्टूल आहे. त्यावर बसा. समोर बीच लाकडाचा ओटा, त्याच्या कडेला एक खाच, खाचेखाली एक खण. भाजीची सालं ओट्यावरून हाताने लोटली की सरळ खणात. उठायला नको, वाकायला नको. उजवीकडे पाहा, अॅल्युमिनियमचे छोटे खण ओळीने बसवलेले, प्रत्येकावर नाव लिहिलेलं: तांदूळ, साखर, डाळ. एखादा खण बाहेर काढा. त्याला मागे मूठ आणि पुढे चोच आहे. झाकण उघडा, चमचा शोधा, घाला, झाकण लावा, हे सगळं गेलं. खण उचलायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण ओकच्या लाकडाला पिठातली कीड लागत नाही. कपाटांचा रंग निळसर हिरवा आहे, माश्या या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानलं जात होतं. भिंतीवरची एक फळी खाली ओढा: इस्त्रीचं टेबल. काम झालं की पुन्हा भिंतीला चिकटतं. छताला रुळावरचा दिवा आहे, जिथे काम तिथे सरकवायचा.

इस्त्रीची ती फळी पुन्हा एकदा खाली घ्या आणि वर करा. एकच हात लागतो. तिच्यावर कधी काही ठेवलेलं नसतं, कारण ती उभी असताना तिच्यावर ठेवण्यासारखी जागाच नसते. खाली घेतल्यावर ती चालण्याची वाट अडवते खरी, पण त्या वेळी चालायची गरज नसते, उभं राहून काम चाललेलं असतं. म्हणजे जी वस्तू जागा खाते ती नेमकी तेव्हाच खाते जेव्हा त्या जागेला दुसरं काम नाही. नायगावच्या त्या बाईने खाटेखालच्या मुलांना शेवटी उठवलं त्यामागे हाच हिशेब होता. फरक इतकाच की फ्रँकफर्टमध्ये तो सुताराने लाकडात बसवून दिला. अशी दहा हजारांच्या घरात स्वयंपाकघरं त्या काही वर्षांत फ्रँकफर्टमध्ये बसली.

त्यावर टीकाही झाली आणि ती मला पटते. एकाच माणसाला पुरेल इतकी जागा म्हणजे दुसऱ्याने मदतीला यायचं नाही. मूल पायात घोटाळायला नको, नवऱ्याने कांदा चिरायला नको. पावलं वाचली, पण ती पावलं एकाच व्यक्तीची राहिली. नायगावच्या खोलीत सतरंजीची दोन टोकं धरायला मुलगी तरी होती.

तिथून उत्तरेला, चार वर्षं मागे. १९२४, नेदरलँड्समधलं उट्रेख्त. ट्रूस श्रोडर या विधवा बाईंनी तीन मुलांसह राहायला गेरिट रिटवेल्ड या सुतारकामातून वास्तुकलेकडे आलेल्या माणसाकडून घर बांधून घेतलं आहे. त्यांना वरच्या मजल्यावर भिंती नकोच होत्या. जिन्याने वर जा. दिवसा हे सगळं एक दालन आहे, तीन बाजूंनी उजेड. संध्याकाळ झाली की रुळांवरची सरकती पार्टिशनं ओढायची आणि मुलांच्या खोल्या तयार. प्रत्येक खोलीत पलंग दोन तऱ्हेने लावता येईल हे आधीच पाहिलेलं. इमारतीच्या नियमांत असली उघडी जागा बसत नव्हती, तेव्हा परवानगीच्या कागदांवर या मजल्याला माळा म्हटलं गेलं. पार्टिशन ओढून बघा, जड आहे. मुलं झोपल्यावर कुणी तरी ते ओढणार, सकाळी कुणी तरी परत लोटणार. पण श्रोडरबाईंनी ते स्वतः मागितलं होतं आणि १९८५ साली निधन होईपर्यंत त्या त्याच घरात राहिल्या. स्वतःच्या इच्छेने घातलेली घडी आणि नाइलाजाने घातलेली घडी यांत फार अंतर असतं.

फ्रान्सचा दक्षिण किनारा, १९५२. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांची लाकडी झोपडी. आतून ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट, १४४ चौरस फूट. नायगावच्या खोलीपेक्षा सोळा चौरस फूट कमी. उंची २.२६ मीटर, हात वर केलेल्या माणसाच्या मापाची. पलंगाखाली खण, स्टुलाच्या जागी लाकडी खोके, तिरपं बसवलेलं टेबल. वास्तुकलेच्या पुस्तकांत ही झोपडी लहान घराचा नमुना म्हणून येते आणि तिची आखणी खरोखर सुंदर आहे. पण आत शेगडी शोधा. नाही. शेजारच्या उपाहारगृहात उघडणारं एक दार आहे, जेवण तिकडे. इथे कोणी आठ जणांचे डबे भरत नाही. लहान जागेचं कौतुक करताना त्या जागेतून काय वगळलं आहे हे आधी विचारावं, एवढंच.

टोकियोलाही हाच प्रश्न घेऊन जा. १९७२, वास्तुकार किशो कुरोकावा यांचा नाकागिन टॉवर, दोन खांबांभोवती बोल्टने अडकवलेल्या १४० खोक्यांची इमारत. एक खोकं अडीच मीटर बाय चार. गोल खिडकी, भिंतीतून बाहेर येणारं टेबल, भिंतीतच बसवलेला टीव्ही. स्वयंपाकघर नाही. दर पंचवीस वर्षांनी खोकी बदलायची असा मूळ बेत होता, ती एकदाही बदलली गेली नाहीत, आणि २०२२ साली इमारत पाडली गेली. खोक्यातला प्रत्येक खण एकाच आयुष्यासाठी पक्का केलेला, आयुष्य बदललं तर खण बदलत नाही. मला वाटतं घडीच्या फर्निचरचा हा सर्वांत मोठा धोका आहे. आज नेमकं बसलेलं उद्या मूल झालं, म्हातारी आई राहायला आली, पाय मोडला, की अडू लागतं.

याच शहरात एखाद्या जुन्या घरात जा, तातामीच्या चटया अंथरलेल्या खोलीत. सरकतं दार उघडा: भिंतीतलं खोल कपाट, ज्याला तिथे ओशीइरे म्हणतात. सकाळी गाद्यांची घडी घालून त्यात ठेवायच्या, रात्री काढायच्या. आपल्या वळकटीचंच भावंड. पण एक गोष्ट हाताने मोजून पाहा. कपाटाची खोली घडी घातलेल्या गादीइतकी आहे आणि मधली फळी साधारण कमरेच्या उंचीवर आहे. गादी उचलायची ती कमरेपर्यंतच. नायगावच्या ट्रंकांवरच्या वळकट्या आठवा, त्या डोक्याइतक्या उंच जात होत्या आणि रोज दोनदा खांद्यावरून चढत-उतरत होत्या. जपानी सुतारांनी घडी घालणाऱ्याच्या कमरेचा विचार घर बांधतानाच केला होता. आपल्या चाळी बांधणाऱ्यांना भिंतीत एक कोनाडा खोल करून देणं अवघड नव्हतं.

पुन्हा नायगाव, तीच खोली. १९८६. त्या वेळी सतरंजीची टोकं धरणारी थोरली मुलगी आता माहेरपणाला आली आहे. खोलीत पाय ठेवताच तुमच्या लक्षात येतं की जमीन दिसत नाही. खाटेच्या चारही पायांखाली विटा आहेत, खाली सामान मावावं म्हणून. पत्र्याचं मोठं कपाट आलं आहे. टीव्ही आला आहे, आणि टीव्ही आला म्हणून त्याच्याकडे तोंड करून बसायला सोफा-कम-बेड आला आहे. त्याच्यापुढे टी-पॉय.

रात्र होऊ द्या. सोफ्याचा पलंग करायचा तर आधी टी-पॉय उचलायचा, त्यावरची वर्तमानपत्रं आणि औषधाच्या बाटल्या कुठे तरी ठेवायच्या, सोफ्याच्या उशा कपाटावर फेकायच्या, मग बूड पुढे ओढायचं. पाठ आडवी होते. आता चादर, उशी, पांघरूण हवं. ती खाटेखाली, विटांच्या मागे. वाकून, हात घालून, ओढून काढायची. पहिला महिना घरातला मुलगा हे सगळं हौसेने करतो. नंतर एका रात्री तो उशिरा येतो आणि तसाच सोफ्यावर पाय दुमडून झोपतो. काही दिवसांनी सोफा सोफाच राहतो, झोपायला पुन्हा जमिनीवर सतरंजी, पण आता जमीन निम्मी. शेजारच्या खोलीत उलटं झालं आहे, तिथे तो कायमचा पलंगच झाला आणि बसायला जागा राहिली नाही.

लोक म्हणतात आळस. मला ते अन्यायाचं वाटतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाने झोपण्यापूर्वी पाच वस्तू हलवाव्यात अशी अपेक्षा ज्याने ती वस्तू बनवली त्याने केली होती, आणि ती अपेक्षा चुकीची होती. १९५५च्या खोलीत जमिनीवर काहीच कायमचं नव्हतं म्हणून घडी सोपी होती. जमिनीवर बसणं, जेवणं, झोपणं गेलं, प्रत्येक कामाला स्वतंत्र पायांची वस्तू आली, आणि मग त्या सगळ्या वस्तूंना जमिनीसारखं वागायला शिकवण्याचं काम सुतारांवर आणि डिझायनरांवर आलं. आपण आज जे करतो आहोत ते हेच आहे.

आणि आता आजचा दिवस. नायगाव, वरळी, डिलाईल रोडला जुन्या इमारती पाडून ५०० चौरस फुटांची घरं देणं सुरू आहे. वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या. पण तुम्ही तिकडे जात नाही. तुम्ही जाता उपनगरातल्या एका झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत. या योजनेत आधी घर २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९, अलीकडे ३००. हे २६९चं आहे. एक खोली, ओटा, न्हाणीघर, संडास. आजी, तिची लेक, जावई, नववीतला नातू. तुम्ही इथे फर्निचर आखायला आला आहात आणि तुमच्याबरोबर मिस्त्री आहेत, ज्यांनी अशी घरं पुष्कळ केली आहेत.

मिस्त्री आधी टेप काढत नाहीत. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत चालतात. "ही हलक्या ब्लॉकची आहे. हिच्यावर भिंतीतला पलंग नाही टांगायचा. ती तिकडची बीम आणि कॉलमची, ती चालेल." भिंतीत उभा होणारा पलंग उघडताना आणि मिटताना सगळा भार वरच्या बोल्टवर ओढतो, आणि हलक्या ब्लॉकमधून बोल्ट हळूहळू सुटत जातो. तेव्हा चौकट जमिनीवर टेकवायची आणि वरून फक्त पकडायची, असं ठरतं.

मग पलंग उभा उचलायचा की आडवा? उभा उचलला तर भिंतीवर साडेसहा फूट उंची हवी, आणि खाली येताना तो खोलीच्या मध्यापर्यंत पोचतो. आडवा, लांब बाजूने उचलला तर उंची साडेतीन फुटांत भागते, वर खिडकी तशीच राहते, आणि खाली आल्यावर खोलीत तीन फूटच येतो. एकाच माणसाला झोपायचं आहे, नातवाला. आडवा.

पलंग मिटला की त्याच्या बाहेरच्या अंगावर अभ्यासाचं टेबल हवं. इथे नेहमी फसगत होते. साधं घडीचं टेबल केलं तर रात्री पलंग खाली घ्यायच्या आधी त्यावरची पुस्तकं, कंपास, पाण्याची बाटली सगळं उचलावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच सोफा-कम-बेड. तुम्ही मिस्त्रींना कागदावर काढून दाखवता: टेबलाची फळी दोन्ही बाजूंना समांतर दांड्यांवर टांगायची. पलंग खाली येताना दांड्या फिरतात, फळी मात्र सपाटच राहते आणि पुस्तकांसकट पलंगाखाली जाऊन बसते. जमिनीपासून फळीपर्यंत आणि फळीपासून पलंगाच्या बुडापर्यंत मोकळी उंची किती राहते तेवढं बघायचं. मिस्त्री कागद उलटा-सुलटा करतात. "वहीवर वही चालेल. बाटली आडवी ठेवावी लागेल." नातू म्हणतो चालेल.

मग गॅसचे पंप. दोन्ही बाजूंना एकेक, गादीसकट पलंगाच्या वजनाला जुळणारे. कमी ताकदीचे घेतले तर पलंग हातातून सुटून आदळतो, जास्तीचे घेतले तर खाली राहतच नाही, झोपलेलं माणूस उठलं की आपोआप वर यायला बघतो. म्हणून गादी आधी ठरवायची, पंप नंतर. चार इंची फोम. जावई सहा इंचीचा आग्रह धरतात, कापसाच्या गादीचा विषय निघतो, आजी म्हणतात कापूस तर आणखी जड होईल. बरोबर बोलतात. चार इंची.

आजींसाठी पलंग घडीचा करायचा नाही, हे तुम्ही आल्या आल्याच ठरवलं आहे. ज्या माणसाला दिवसात केव्हाही आडवं व्हावंसं वाटतं, रात्री दोनदा उठायचं असतं, त्याची झोपायची जागा कायमची असली पाहिजे. घरात एकच वस्तू पक्की ठेवता येत असेल तर ती ही. तिच्याखाली सामान. खण नकोत, कारण खण ओढायला पुढे दोन फूट मोकळी जमीन लागते आणि ती इथे नाही. वरून उघडणारं झाकण केलं तर आजींना स्वतःच्याच साडीसाठी लेकीची वाट पाहावी लागेल. शेवटी डोक्याकडचा एक फूट वेगळा काढून त्याला पुढून उघडणारं छोटं दार द्यायचं ठरतं, आजींच्या रोजच्या वस्तू त्यात. उरलेल्या भागात गोधड्या, गणपतीचं मखर, वर्षातून दोनदा लागणारी भांडी.

आठवड्यानंतर. या वेळी साल बदलावं लागत नाही. पलंग बसला आहे. मिस्त्रींनी गादी पट्ट्यांनी आवळली आहे, चादर आणि पांघरूण गादीबरोबरच आत जातं, ते वेगळं काढून ठेवायचं नाही. नातू पलंग खाली घेतो, वर करतो, पुन्हा खाली घेतो. टेबलावरची भूमिती सरकत नाही. लेक ओट्याशी उभी राहून बघते आहे. "सकाळी हा क्लासला साडेसहाला जातो," ती म्हणते, "पलंग कोण वर करणार? मीच ना." तुम्ही नातवाकडे पाहता, तोही पाहतो, आणि लेक त्याला सांगते की तू उठलास की तूच करायचास, दात घासायच्या आधी. आजी पुढे होतात. "मी बघू?" एका हाताने मूठ धरून त्या ओढतात, पलंग अर्ध्यावर येतो आणि थांबतो. जोर पुरत नाही असं नाही, मूठ उंच आहे, त्यांचा खांदा तिथवर नीट जात नाही. दुसऱ्यांदा त्या पट्टीला धरून बघतात.

"मूठ वीतभर खाली घ्या," त्या मिस्त्रींना सांगतात. "आणि पट्टा लांब ठेवा, म्हणजे बसूनही ओढता येईल."

मिस्त्री पेन्सिलीने खूण करतात, ड्रिल पिशवीतून काढतात आणि प्लग पॉइंट कुठे आहे विचारतात.